फटफटीचा मूळ रंग

रंगावरून आमच्या घराण्यांत कधीं भांडण झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. नळाच्या पाण्यावरून झालें, माडीवरील खोलीवरून झालें, एकदां तर देवघरांतील पळीवरून घरच्या दोन जावांचें बोलणें पंधरा दिवस बंद होतें. पण अमका रंग खरा कीं तमका, असा प्रश्न कोणासही पडला नव्हता. गेल्या वर्षीं मात्र आमच्या आणि काकांच्या अशा दोन बिऱ्हाडांतील अकरा माणसें अडीच महिने याच एका प्रश्नाभोंवतीं बसलीं होतीं: आमच्या वडिलांनीं १९६७ सालीं घेतलेली जावा मोटारसायकल नेमक्या कोणत्या रंगाची होती?

तरुण वाचकांकरितां या यंत्राविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. जावा हें नांव त्या प्रसिद्ध बेटावरून पडलेलें नाहीं. प्राग शहरीं यानेचेक नांवाच्या एका कारखानदारानें १९२९ सालीं वांडरर या जर्मन कंपनीचें मोटारसायकलींचें काम विकत घेतलें, आणि दोन्ही नांवांचीं पहिलीं दोन दोन रोमन अक्षरें जोडून हें नांव केलें. त्याचा तिकडील उच्चार खरा ‘यावा’ असा; आपण अक्षरें वाचून जावा केला. पुढें मुंबईच्या इराणी कुटुंबानें आयडियल जावा ही कंपनी काढली व १९६१ पासून म्हैसूर येथें या गाड्या बनूं लागल्या. एका नळकांड्याचें इंजिन, पण धूर सोडण्यास दोन बाजूंस दोन नळ्या. पेट्रोलांतच तेल मिसळून घालावयाचें. आणि ज्या दांडीला लाथ मारून गाडी चालू करावयाची तीच दांडी वळवून पुढें गियर टाकावयाचे. आमची आजी म्हणत असे कीं घरांत दोन जावा होत्याच, ही तिसरी आली, आणि तिघींत हीच अधिक बोलते. १९७० नंतरच्या वर्षांत हिचें नांव बदलून येझदी झालें, १९९६ सालीं म्हैसूरचा कारखाना बंद पडला, आणि २०१८ सालीं दुसऱ्या मालकांनीं जावा हें नांव पुन्हां बाजारांत आणलें. आमची गाडी अर्थात् पहिल्या काळांतली.

आतां, जी गाडी घरांतच आहे तिच्या रंगाविषयीं वाद कसला, असें कोणी विचारील. वाद यासाठीं, कीं आम्हां भावंडांस आठवते ती गाडी काळी होती. शाळेंत सोडावयास येई ती काळी, त्र्यंबकेश्वरास नेई ती काळी, आणि वडील २००३ सालीं वारल्यावर ताडपत्रीखालीं उभी राहिली तीही काळीच. तांबडी गाडी पाहिलेलीं माणसें आतां दोनच उरलीं आहेत, काका आणि काकू. तिचा तांबडेपणा उणापुरा दोन वर्षें टिकला होता.

नाशकास पूर फुटांनीं मोजीत नाहींत, तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात: गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. १९६९ च्या सप्टेंबरांत मारुति दिसेनासा झाला. आमचा वाडा सराफ बाजाराच्या अंगास एका उतरत्या गल्लींत होता. वडील त्या दिवशीं पुण्यास गेलेले. घरांत आजी, दोघी सुना, आम्ही मुलें आणि कर्ता पुरुष म्हणून तीस वर्षांचे काका. काकांनीं माणसें माडीवर चढविलीं, धान्याचे डबे चढविले, आणि शेवटीं रहाटाचा दोर सोडून आणून गाडी ओटीच्या खांबास करकचून बांधली, म्हणजे निदान वाहून तरी जाणार नाहीं. ती वाहून गेली नाहीं, पण पाणी ओसरलें तेव्हां गाळाने भरलेली अशी कांहीं तरी वस्तु खांबाशीं उभी होती. काकांनीं ती धुतली, एका ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिन उलगडून घेतलें. पण चिखलरक्षकांवर आणि सांगाड्यावर गंज फुटूं लागला होता. त्या महिन्यांत नवीन रंगास पैसा कोठचा? खिडक्यांच्या गजांकरितां आणलेला काळा रंग घरांत होता. काकांनीं गंज खरवडून, लाल अस्तराचा एक हात देऊन, कुंचल्यानें सबंध गाडी काळी केली. वडील परत आले, गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि म्हणाले, “बरी दिसते.” त्यानंतर कित्येक वर्षें त्यांनीं ती चालविली, रंगाचा विषय एकदांही काढला नाहीं.

त्यांनीं काढला नाहीं, हेंच काकांस सलत राहिलें असावें. गेल्या वर्षीं आमच्या मुलानें ती दुरुस्त करावयास घेतली, तेव्हां काका मुद्दाम रिक्षा करून आले. वय शहाऐंशी. काठी टेकून गाडीपाशीं उभे राहिले आणि म्हणाले, “दादाची गाडी तांबडी होती. काळी मीं केली. एकदां तांबडी पाहीन म्हणतों.” मुलानें विचारलें, “कोणता तांबडा, आजोबा?” काका त्याच्याकडे असे पाहूं लागले कीं जणूं त्यानें सूर्य कोणता, असें विचारलें होतें.

प्रश्न मात्र अगदीं रास्त होता. मुंबई नाक्याकडील एका मिस्त्रीनें रसायन लावून एका दिवसांत गाडीचा सारा रंग उतरवून देतों म्हणून सांगितलें. आम्हीं त्यास थांबविलें. रंग उतरविला कीं साक्षीदारही गेला. त्याऐवजीं मुलानें मागच्या चिखलरक्षकावर रुपयाएवढ्या जागेवर पाण्यांत भिजविलेला बारीक पॉलिश-पेपर हलक्या हातानें गोल फिरविला, तेव्हां झाडाच्या बुंध्यांत दिसावीं तशीं कडीं उमटलीं: बाहेर काळें, त्याच्या आंत विटकरी लाल, मग गर्द तांबडें, मग करडें अस्तर, आणि मध्यभागीं चकचकीत पत्रा. यांतील विटकरी कडें पाहून “हाच तो मूळ रंग!” म्हणून घरांतील मुलें नाचूं लागलीं. तें मूळ नव्हे. तें काकांनीं दिलेलें गंजरोधक लाल अस्तर. जुन्या गाड्यांच्या पुष्कळ शौकिनांची फसगत याच थरावर होते.

त्याखालचें गर्द कडें कारखान्यांतलें खरें, पण तेंही ऊन, पूर आणि गाळ खाल्लेलें. तांबड्या रंगाचें दुर्दैव असें, कीं प्रकाशांतील निळा व त्याहून तीव्र भाग तो स्वतः शोषून घेतो, आणि त्याच तीव्र किरणांनीं बरेच तांबडे रंग झिजतात. रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांत लाल अक्षरें सर्वांआधीं फिकीं पडलेलीं वाचकांनीं पाहिलीं असतीलच. म्हणून जेथें ऊन पोंचलें नाहीं अशी जागा शोधणें प्राप्त झालें. अशा दोन जागा मिळाल्या. पेट्रोलची टांकी सांगाड्यावर ज्या रबरी गादीवर टेकते तिच्या खालीं एक, आणि हत्यारें ठेवण्याच्या डाव्या पेटीच्या झांकणाच्या आंतल्या अंगास दुसरी. काकांचा कुंचला या दोन्ही ठिकाणीं पोंचला नव्हता. झांकणाच्या कडेवरून काळा ओघळ मात्र बोटभर आंत उतरला होता.

एवढ्यानें काम भागलें असें आम्हांस वाटलें. पण तेलावर बांधलेल्या जुन्या रंगांस उजेड बाधतो तसा अंधारही बाधतो. अंधारांत वर्षानुवर्षें राहिलें कीं त्यांतील तेल पिवळसर होत जातें. म्हणजे उघड्यावरचा तांबडा फिका झालेला आणि झांकलेला तांबडा पिवळट झालेला, आणि १९६७ चा रंग या दोहोंच्या मध्यें कोठें तरी. सुदैवानें हा पिवळेपणा उजेडांत ठेवल्यास बराच उतरतो. आम्हीं झांकण हलक्या साबणानें पुसून तीन आठवडे खिडकींत ठेविलें. त्या खिडकींत एरवीं लोणच्याच्या बरण्या असत. त्यांची सोय दुसरीकडे करावी लागली, व त्याबद्दल आम्हांस जें ऐकावें लागलें तें येथें लिहीत नाहीं.

तोंवर लेखी पुरावा काढून झाला. नोंदणीच्या पुस्तकांत रंगाचा रकाना असतो; त्यांत कारकुनाच्या हातचें ‘रेड’ हें एकच अक्षरचिन्ह. सरकारदरबारीं आमची गाडी पन्नास वर्षें तांबडीच राहिली, ही गंमत त्यावरून कळली. पण त्या एका शब्दांत कुंकवापासून आमसुलापर्यंत सगळेंच मावतें. गाड्यांचे शौकीन या रंगास ‘मरून’ म्हणतात. तो शब्दही मूळचा फ्रेंच, चेस्टनट नांवाच्या तपकिरी फळावरून आलेला. त्यांतला तपकिरीपणा आपल्याकडे केव्हांच गळून गेला. या बाबतींत आमची भाषा अधिक नेमकी आहे असें आमचें मत आहे. शेंदरी, कुसुंबी, किरमिजी, डाळिंबी, आमसुली, वांगी, हे शब्द ज्या घरांत येवल्याची पैठणी येते त्या घरांतील कोणत्याही स्त्रीस समजावून द्यावे लागत नाहींत. काकूंस विचारलें तेव्हां त्या क्षणभरही अडल्या नाहींत. “डाळिंबाच्या सालीसारखा. पण उन्हांत ठेवलेल्या डाळिंबाचा नव्हे, सावलींतल्या.” पुरुषांच्या अडीच महिन्यांच्या खटाटोपांत याहून नेमकें वाक्य कोणी बोललें नाहीं.

रंगांस क्रमांक लावण्याची विद्या मात्र पाश्चात्यांनीं जोपासली. जर्मनीत १९२७ सालीं चाळीस रंगांची एक यादी झाली, तीच आज ‘राल’ म्हणून जगभर चालते. ब्रिटिश मानकांत ५३८ म्हणजे टपालपेटीचा लाल, ५४१ म्हणजे मरून. आपल्याकडेही रंगांचें भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक ५. हे तक्ते आगगाड्या, पूल, सरकारी कचेऱ्या यांकरितां उत्तम. पण मोटारसायकलीचा कारखाना आपला रंग आपल्या मिश्रणानें करून घेई. तो तक्त्यांतील एखाद्या चौकटीशीं जुळलाच पाहिजे असें नाहीं. आम्हीं ५४१ चा नमुना झांकणाशेजारीं धरला. सख्खा भाऊ नव्हे, फार तर चुलत.

मोटारींचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानांत आतां एक हातांत धरावयाचें यंत्र असतें. तें वस्तूवर ठेवलें कीं तिच्यावरून प्रकाशाच्या कोणकोणत्या लहरी किती परततात हें मोजतें, आणि मग अमका रंग इतके ग्रॅम, तमका इतके, अशी पाककृति छापून देतें. रंग असे आंकड्यांत मांडण्याची पद्धति आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगानें १९३१ सालीं ठरविली. यंत्रानें दिलेल्या कृतीप्रमाणें दुकानदारानें एक पत्रा रंगवून दिला. दुकानांतील नळीच्या दिव्याखालीं पत्रा व झांकण एकजीव दिसले. बाहेर ओट्यावर उन्हांत आणतांच दोघांची फारकत झाली. त्याचें कारण दुकानदाराची हयगय नव्हे. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असले, तर एका दिव्याखालीं ते सारखे दिसतील आणि दुसऱ्याखालीं निराळे. साडीचें पोलकें रात्रीं दुकानांत जुळवून घेणाऱ्या भगिनींस हें पुस्तकावांचून ठाऊक आहे.

या टप्प्यावर आम्हांस शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांची मदत झाली. त्यांचा सारा जन्म नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्यें शाईच्या खात्यांत गेला. आपलीं टपालतिकिटें पूर्वीं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. हा छापखाना १९२५ सालीं सुरू झाला आणि पुढल्या वर्षापासून तीं नाशकास छापूं लागलीं. त्यांनीं आमचें झांकण हातांत घेतलें, खिडकी कोणत्या दिशेची म्हणून विचारलें, आणि उत्तरेची खोली मागितली. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर फारसा बदलत नाहीं. मग त्यांनीं झांकण व पत्रा करड्या कागदावर कडेला कड भिडवून ठेविले, एक अंतर सोडूं दिलें नाहीं. आम्ही टक लावून पाहूं लागलों तेव्हां म्हणाले, “इतका वेळ नको. दोन पळें पाहा, मग कागदाकडे पाहा, मग पुन्हां.” तांबड्याकडे पाहत राहिलें कीं डोळा त्या रंगापुरता थकतो, व मग जें दिसतें तें खरें नसतें.

त्यांचें दुसरें म्हणणें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. ते म्हणाले, “मूळ रंग एक होता असें धरून चालूं नका.” एकाच किंमतीच्या, एकाच चित्राच्या तिकिटाच्या चार चार छटा संग्राहक वेगळ्या ओळखतात, त्या कशामुळें? शाईचा घाणा बदलला, कागद बदलला, हवा दमट झाली, म्हणून. मग मोटारसायकलींच्या कारखान्यांतही सोमवारचा डबा व शनिवारचा डबा अगदीं एक कसा असेल? टांकीखालचा तुकडा व पेटीच्या झांकणाचा तुकडा शेजारीं ठेवून त्यांनीं दाखविलें, कीं आमच्या एकाच गाडीचे हे दोन भागही केसभर निराळे आहेत. तेव्हां एक बिंदु शोधावयाचा नव्हता. लहानसें एक अंगण होतें, त्यांत उतरावयाचें होतें. त्यांच्या सांगण्यावरून दुकानदारानें पिवळा किंचित् कमी केला, काळ्याचा थेंब वाढविला, आणि मुख्य म्हणजे नमुन्याखालीं तेंच करडें अस्तर दिलें. तांबडे रंग पुष्कळदां पुरते झांकणारे नसतात, अस्तर वर डोकावतें. हा दुसरा पत्रा उन्हांत, सावलींत आणि दिव्याखालीं, तीनही ठिकाणीं झांकणाजवळ राहिला.

आतां केवळ काकांची संमति घ्यावयाची होती. काकांनीं पत्रा हातांत घेतला, दूर धरला, जवळ धरला, आणि परत दिला. “हा नव्हे. यांत माती आहे. तो असा जांभळ्याकडे झुकणारा होता.” घरांत शांतता पसरली. कोणी म्हणालें, साठ वर्षांची आठवण ती. आठवणींतला रंग खऱ्याहून गडद व भडक होतो असें रंगशास्त्रज्ञही सांगतात. हें खरें असलें, तरी ज्यांच्यासाठीं हें चाललें होतें त्यांसच खोटें पाडून गाडी रंगविण्यांत अर्थ काय, हें आमच्या मुलासही कळत होतें. त्यानें निमूटपणें जांभळ्या झांकेचा तिसरा पत्रा करवून आणला. काका म्हणाले, “हा बराच जवळ आहे.” आम्हां बाकीच्यांस तो अगदीं जांभळासारखा दिसला.

काम तेथेंच थबकलें, कारण त्याच सुमारास काकांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. वय वाढेल तसें डोळ्यांतील भिंग पिवळें, पुढें तपकिरी होत जातें आणि निळा उजेड आंत येऊं देत नाहीं. हें इतकें हळूहळू घडतें कीं मेंदु सांवरून घेतो. पण पुरतें सांवरून घेत नाहीं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानें १९२३ सालीं हीच शस्त्रक्रिया करविली, तेव्हां त्याचीही रंगदृष्टि पालटली होती. काकांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच्या चवथ्या दिवशीं ते म्हणाले, “भिंत पांढरी केली वाटतें?” भिंतीस कोणी हात लाविला नव्हता. दहाएक दिवसांनीं त्यांनीं आपण होऊन पत्रे मागविले.

आम्हीं क्रमांक मागल्या बाजूस लिहिले होते, ते त्यांस दिसत नव्हते. काकांनीं डावा डोळा हातानें झांकला आणि दुसरा पत्रा उचलला. “हा.” मग उजवा डोळा झांकला, बराच वेळ पाहत राहिले, आणि तिसऱ्यावर बोट ठेविलें. पुन्हां डावा झांकला, पुन्हां दुसरा. काकू दारांतून पाहत होत्या, म्हणाल्या, “काय हो, आतां दोन डोळ्यांचेंही आपसांत पटेना?” काका हंसले नाहींत. जुना डोळा पिवळ्या कांचेतून पाहत होता, म्हणून योग्य रंगही त्यास मातकट दिसे व तो जांभळा वाढवून मागत असे. नवा डोळा तीस वर्षांच्या माणसासारखें पाहूं लागला होता. आणि त्या नव्या डोळ्यानें जो पत्रा उचलला तो झांकणाखालच्या तुकड्याशींच जुळत होता. काकांची आठवण एवढीं वर्षें खरी होती. मधलें भिंग तेवढें गढूळ झालें होतें. त्यांनीं पत्रा गुडघ्यावर ठेविला आणि पुष्कळ वेळानें म्हणाले, “दादा या गाडीवर बसून पहिल्यांदा गल्लींत आला तेव्हां आम्ही सगळे ओटीवर होतों.” पुढें ते कांहीं बोलले नाहींत व आम्हींही विचारलें नाहीं.

बाकीचें काम कारागिरांचें; तें अंबडच्या एका कारखान्यांत झालें. एकच गोष्ट आम्हीं आग्रहानें सांगितली. हल्लीं रंगावर पारदर्शक लाखेचा थर देऊन कांचेसारखी झळाळी आणतात. म्हैसूरची गाडी भट्टींत भाजलेल्या रंगाची होती, तिची चमक मऊ, तुपाचा हात फिरविल्यासारखी. तेव्हां वरचा थर नको, रंग व चमक एकाच हातांत द्या, असें ठरलें. टांकीवरची सोनेरी रेघ भद्रकालींतील एका जुन्या रंगाऱ्यानें लांब केसांच्या कुंचल्यानें, श्वास रोखून, एका दमांत ओढली. त्याचा पाट्या रंगविण्याचा धंदा छापील फलकांनीं बुडविला आहे. या कामाचे पैसे सांगतांना तो संकोचला, आम्हांस त्याचा अधिक संकोच वाटला.

गाडी तयार झाली त्या दिवशीं काकांनीं हात फिरवून पाहिली आणि रेघ सरळ आल्याचें सांगितलें. रंगाविषयीं कांहीं बोलले नाहींत, फक्त उन्हांतून सावलींत न्यावयास लावून काकूंस हांक मारली. दुसऱ्या पत्र्याचे दोन तुकडे करून पाठीमागें मिश्रणाचे आंकडे व तारीख लिहिली आहे. एक आमच्याकडे, एक काकांकडे. डाव्या पेटीच्या झांकणाची आंतली बाजू मात्र रंगविली नाहीं. तेथें जुना तांबडा आहे, पुराच्या गाळाची एक फिकट रेघ आहे, आणि कडेवरून उतरलेला काळा ओघळ आहे. रंगारी तो पुसावयास निघाला होता. काकांनीं त्याचा हात धरला.